लाईन (वीज), नेटवर्क आणि यूपीआय तिन्ही एकदम तीन दिवस गेलं तर? लेआउटची तयारी कशी करायची

त्रिमूर्तीनगर_सचिव

नमस्कार मंडळी. आमची फ्लॅट स्कीम तळमजला अधिक चार मजले, २४ फ्लॅट. लेआउटमध्ये (वसाहतीत) साठेक स्वतंत्र घरं आणि मागच्या गल्लीत पंचेचाळीस घरांची वस्ती. दोन तास लाईन जाणं सगळ्यांच्या सवयीचं आहे, प्रश्न त्याचा नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एका झटक्यात गेली, पाठोपाठ मोबाईलही बसले आणि लोक ट्रान्झिस्टर शोधत फिरले. त्याच महिन्यात, १२ तारखेला, आपल्याकडे यूपीआय अडकलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा रात्रीतून काय झालं ते नागपुरात कुणाला सांगायला नको. हे सगळं एकत्र आलं, आणि तेही मे महिन्यात ४५ डिग्रीत, तर काय?

आमच्याकडे आहे ते असं: जमिनीखालचं टाकं २०,००० लिटर, वरच्या टाक्या मिळून १०,०००, बोरिंगला दीड एचपी सबमर्सिबल, टाक्यावर एक एचपी पंप, १५ केव्हीए जनसेट (डिझेल जनरेटर), छतावर १० किलोवॅट सोलर (नेट मीटरवालं, म्हणजे जादा वीज लाईनवर सोडणारं). कमिटीत दोन गट पडले आहेत. एक म्हणतो मोठा जनसेट घ्या. दुसरा म्हणतो एवढं सोलर असताना कशाची काळजी. वर्गणी फ्लॅटमागे १५०० च्या वर निघणार नाही, म्हणजे एकूण ३६ हजार. नेमकं काय करावं?

वायरमन_सदर

दुसऱ्या गटाला आधी जमिनीवर आणा. नेट मीटरवालं सोलर लाईन गेली की त्याच क्षणी बंद पडतं. भर दुपारी १० किलोवॅट डोक्यावर असेल आणि खाली एक पंखा फिरणार नाही. त्या इन्व्हर्टरला बाहेरून लाईनचं व्होल्टेज दिसलं तरच तो वीज सोडतो. ही मुद्दाम केलेली व्यवस्था आहे, नाहीतर डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चढलेल्या लाईनमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. हायब्रीड इन्व्हर्टर (लाईन नसतानाही सोलर चालवणारा) आणि बॅटरी लावून हे सुटतं, पण ३६ हजारांत ते बसत नाही.

त्याऐवजी वेगळं, छोटं काम करा. ३३५ वॅटचं एक पॅनेल, ३० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरी भरणारा) आणि १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी. बॅटरी कुणाच्या तरी घरच्या इन्व्हर्टरची चालेल, पण कुणाची ते आजच ठरवा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर घेऊ नका. या पॅनेलचं कामाचं व्होल्टेज ३७ च्या आसपास असतं, पीडब्ल्यूएम त्याला ओढून १३-१४ वर आणतो आणि निम्म्याहून जास्त वॅट वाया जातात. आपल्या उन्हाळ्यात यातून दिवसाला एक ते दीड युनिट निघतं. एक मोबाईल पूर्ण चार्ज करायला तूट धरून २० वॅट-तास लागतात, म्हणजे एका युनिटात पन्नास मोबाईल. चार्जिंगचं टेबल चौकीदाराच्या खोलीजवळ लावा, घरोघरी वायरी ओढू नका.

आता जनसेटवाला गट. १५ केव्हीए भरपूर आहे. मोठा घेतला तर तो कमी लोडवरही जास्त डिझेल खाईल, बाकी काही नाही. लिफ्ट बंद ठेवायची, कॉमन दिवे बंद, फक्त पंप. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. अशा हलक्या लोडवर तासाला दोन-सव्वादोन लिटर धरा, २० लिटरच्या कॅनमध्ये चार दिवस निघतात. दोन्ही पंप एकदम चालू करू नका. मोटर सुरू होताना चार-पाच पट करंट ओढते, म्हणून आधी बोरिंगचा, तो स्थिर झाला की दुसरा.

जनसेट ऐन वेळी सुरू न होण्याचं कारण बहुतेकदा एकच, स्टार्टरची बॅटरी उतरलेली. महिन्यातून एकदा पाच मिनिटं रिकामा घुरघुरवून काही होत नाही. पंप जोडून अर्धा तास चालवा म्हणजे इंजिन नीट तापतं आणि बॅटरीही भरते. कॅनमधलं डिझेल सहा महिन्यांनी सेटमध्ये ओतायचं आणि कॅन ताजं भरायचं. धूर बंद पार्किंगमध्ये कोंडणार नाही हे बघा, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. आणि घरगुती छोटा जनरेटर दोन टोकांना पिना लावलेल्या वायरने सॉकेटमध्ये खुपसणारे महाभाग प्रत्येक लेआउटमध्ये एक-दोन असतातच. त्यांना आधीच भेटून ठेवा. चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय) जनरेटर जोडला की वीज उलटी लाईनवर जाते.

कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं शेजारी आहेत म्हणून आपली लाईन सगळ्यांत आधी येईल, हाही भ्रम काढून टाका. औष्णिक संच सुरू करायलाच आधी वीज लागते. कोळशाच्या चक्क्या, मोठे पंखे, बॉयलरचे पंप सगळं विजेवरच चालतं. अख्खं ग्रीड बसलं की आधी जलविद्युत किंवा गॅसचे संच उठवतात, मग तिथून थोडी थोडी वीज औष्णिक केंद्रांना पोचवतात. ३० जुलै २०१२ ला उत्तरेचं ग्रीड बसलं तेव्हा बहुतांश पुरवठा परत यायला पंधरा तासांच्या आसपास लागले, आणि दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा बसलं, साठ कोटी लोकांना झळ बसली. म्हणून हिशोब तीन दिवसांचा धरा.

नळ_बोरिंग_टाकी

वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या स्कीमला जनसेटपेक्षा एक व्हॉल्व जास्त महत्त्वाचा आहे. आकडे मांडून बघा. २४ फ्लॅट, सरासरी चार, म्हणजे ९६ माणसं. नेहमीच्या माणशी १३५ लिटरने रोज १३,००० लिटर लागतात. वरचं १०,००० एक दिवससुद्धा पुरत नाही, त्यात लाईन गेली म्हटलं की प्रत्येक घर बादल्या, टब, हंडे भरायला धावतं, म्हणजे टाकी दोन तासांत खडखडाट. तेच पाणी माणशी २० लिटरने दिलं तर रोजचे १,९२० लिटर होतात. वरचं पाच दिवस जातं, खालचं आणखी दहा. पाणी तेवढंच आहे, फरक फक्त व्हॉल्व कुणी आणि कधी बंद केला याचा.

म्हणून नियम असा करा: लाईन गेली, मोबाईलवर रेंज नाही आणि शेजारच्या लेआउटमध्येही तेच आहे, अशी अर्ध्या तासात खात्री झाली की ठरलेला माणूस गच्चीवर जाऊन खाली उतरणाऱ्या सगळ्या पाइपांचे व्हॉल्व बंद करणार. कुणाला विचारायचं नाही, मीटिंग घ्यायची नाही. मग सकाळी सात ते सव्वासात आणि संध्याकाळी सहा ते सव्वासहा, एवढंच पाणी सोडायचं. त्या माणसाला एक बदली हवा, आणि गच्चीची किल्ली दोघांकडे. किल्ली एकाच्याच घरी आणि तो लग्नाला अमरावतीला गेलेला, असं होऊ देऊ नका.

व्हॉल्व आजच फिरवून बघा. पितळी गेट व्हॉल्व वर्षानुवर्षं उघडा राहिला की आत क्षार धरतो. नेट लावून फिरवला की दांडी तुटते आणि व्हॉल्व अर्धवट अडकतो, ना पूर्ण उघडा ना बंद. कुरकुरत असेल तर अर्धा आटा पुढे, पाव मागे असं हळूहळू न्या. दांडीपाशी पाणी झिरपलं तर ग्लँडची दोरी (दांडीभोवती गुंडाळलेलं पाणी अडवणारं पॅकिंग) बदला. जिथे अगदीच जाम आहे तिथे बॉल व्हॉल्व बसवा, पाव फेऱ्यात बंद होतो, अंधारातसुद्धा हाताला कळतं. हँडल पाइपाला आडवं म्हणजे बंद. प्रत्येकावर ऑइल पेंटने लिहा: कुठल्या फ्लॅटची लाईन.

महापालिकेचं पाणी लगेच जात नाही. पेंचचं पाणी गोरेवाड्याला शुद्ध होऊन पंपाने जलकुंभात चढतं, आणि जलकुंभातून नळापर्यंत उताराने येतं. पंप थांबले तरी जलकुंभ रिकामा होईपर्यंत नळ वाहतो. तुमचं जमिनीखालचं टाकं लाईनशिवायही भरतं, तेव्हा पहिल्या काही तासांत ते काठोकाठ भरून घ्या. त्याच वेळी कुणी थेट नळाला टिल्लू पंप (पाणी खेचणारी छोटी मोटर) लावू नये. त्यात गल्लीतल्या सगळ्यांचं पाणी जातं आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं.

खरा पेच तुमच्या स्कीमचा नाहीच, बाकीच्या १०५ घरांचा आहे. साधारण ४७० माणसं, माणशी २० लिटर म्हणजे रोज साडेनऊ हजार. हातपंप नीट असेल तर एका तासात ७००-९०० लिटर देतो, म्हणजे एकट्यावर भागवायला दहा-बारा तास सतत कुणीतरी दांडा हाणत राहिलं पाहिजे. जवळचा हातपंप आणि सार्वजनिक विहीर आताच पाहून ठेवा. हातपंपाची वॉशर गेली असेल तर पहिले पन्नास हापसे कोरडे जातात, तक्रार आजच द्या. तुमचं बोरिंग मे महिन्यात किती देतं ते १०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ घेऊन मोजा. पावसाळ्यातला आकडा कामाचा नाही, आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी बरंच खाली जातं. रोजच्या दोन तासांपैकी एक तास बोरिंगचं पाणी फाटकाबाहेर नळी काढून वस्तीला द्या. फाटक लावून आत जनसेट घुरघुरवत बसाल तर दुसऱ्या दिवशी काय होईल, ते मी सांगायला नको.

विहिरीचं किंवा बोरिंगचं पाणी प्यायचं असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. चांगल्या, ३३ टक्केवाल्या पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम. बादलीत आधी पावडरीची पेस्ट करा, पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी टाकीत ओता आणि खालचा चुना फेकून द्या. अर्ध्या तासानंतर प्यायला द्या. पावडर हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा. उघड्या पोत्यातली उन्हाळ्यात जोर गमावते, मग ५ ग्रॅमने काही होत नाही. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळवा, गाळात क्लोरीन फुकट जातं. घरातलं आरओ लाईनशिवाय निव्वळ शोभेची वस्तू आहे.

त्रिमूर्तीनगर_सचिव

१५ केव्हीए विरुद्ध २५ केव्हीए यावर तीन मीटिंगा खर्ची पडल्या आणि व्हॉल्वचं कुणी नावही काढलं नाही! पण माणसं कशी जमवायची? नवीन आपत्ती समिती केली तर पुन्हा तेच पाच जण येतात. आणि फोन नसताना निरोप कसे द्यायचे?

गल्लीप्रमुख_महाल

नवीन समिती करूच नका ना भाऊ. तुमच्या लेआउटचं गणेश मंडळ आहे ना? त्यांच्याकडे आधीच काय काय आहे ते मोजा: मांडव, दोर, हॅलोजन, भोंगा, स्वयंपाकाची मोठी भांडी, रात्री जागणारी पोरं आणि कोणत्या घरातून किती वर्गणी येते याची वही. ती वहीच तुमची घरांची यादी. बायकांची भिसी आणि बचत गट यांना त्याहून आतलं माहीत असतं, कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाकडे बाळंतीण आहे. या दोघांना एका टेबलावर बसवा, झाली समिती.

दर १२-१५ घरांमागे एक गल्लीप्रमुख आणि एक बदली. निवडताना एकच कसोटी लावा, हा माणूस दुपारी बारा वाजता घरी असतो का? मिहानला (विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी भागात) नोकरी करणारा कितीही हुशार असला तरी लाईन दुपारी गेली तर तो वर्धा रोडवर बंद सिग्नलच्या गर्दीत अडकलेला असेल. निवृत्त मंडळी, गृहिणी, कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला हे लोक घ्या.

घरामागे एक कागद, पेनाने लिहिलेला. माणसं किती, औषध कोणतं थंड ठेवावं लागतं, जिना उतरता येत नाही असं कोण, गॅस सिलिंडर जादा आहे का, विहीर-बोरिंग-इन्व्हर्टर काय आहे, नर्स, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर कोण आहे. चौकीदाराचं कुटुंब आणि भाड्याने राहणारी कॉलेजची पोरं नेहमी सुटतात, त्यांचाही कागद भरा. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. याचं गुगल शीट केलं तर नेटवर्क जाताच यादीही गेली. आजाराची माहिती नोटीस बोर्डावर लावायची नाही, ती गल्लीप्रमुखापाशीच राहील.

निरोपांचं म्हणाल तर पहिला इलाज खडू-फळा. जागा एक ठरवा, देवळाचा ओटा चालेल, आणि वेळ ठरवा: सकाळी ९ आणि संध्याकाळी ६. त्या वेळी गल्लीप्रमुखांनी यायचं, बाकी कुणी बोलावण्याची वाट पाहायची नाही. फळ्यावर तीन खण: काय कळलं (कुठून कळलं आणि किती वाजता, हे लिहिल्याशिवाय नाही), काय पाहिजे, कोण काय देऊ शकतं. वेळ न लिहिलेली बातमी अफवा म्हणून पुसून टाकायची. गल्लीतल्या पोरांना सायकलवर निरोपाला ठेवा, ती आवडीने करतात. बाहेरच्या बातमीसाठी सेलवर चालणारा मीडियम वेव्हचा रेडिओ, दोन जादा सेलच्या जोड्या. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झ. तुमच्या गच्चीवर नीट लागतं का ते आजच लावून बघा आणि डायलवर खूण करा.

पैशाचं थोडक्यात: कोषाध्यक्षाकडे १०-२०-५० च्या नोटांत पाच-सात हजार ठेवा. किराणा आणि दूधवाल्याशी आधीच बोलून ठेवा की अशा वेळी गल्लीप्रमुखाच्या सहीच्या चिठ्ठीवर उधारी चालेल. पाचशेची नोट त्या दिवशी कुणी मोडून देणार नाही.

प्रशिक्षणासाठी दूर जायची गरज नाही. १९५७ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय (आता एनडीआरएफ अकादमीत विलीन) आपल्याच गावात आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला तुमच्या यादीसह अर्ज द्या आणि स्वयंसेवकांचं शिबिर मागा. नुसतं 'मार्गदर्शन करावे' असा अर्ज फायलीत जातो, '३० स्वयंसेवक, अमुक सभागृह, रविवार सकाळ' असं लिहिलं की काहीतरी हलतं.

इंजेक्शनवाल्या_ताई

वरच्या कागदावर 'औषध' हा खण आहे त्याबद्दल. मे महिन्यात लाईन गेली की सर्वांत आधी इन्सुलिनचा प्रश्न येतो. उघडलेली बाटली साधारण २५ ते ३० डिग्रीच्या आत महिनाभर चालते, पण आपल्याकडे त्या दिवसांत बंद खोलीच ३८-४० असते. एक मोठं मातीचं मडकं, त्याच्या आत छोटं, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि सगळं वारा लागेल अशा सावलीत. बाटली प्लास्टिकच्या बंद डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. वाळू दिवसातून दोन-तीनदा ओली करा. कोरड्या मे महिन्यात हे चांगलं काम करतं. जुलैच्या दमट हवेत नाही, कूलर पावसाळ्यात थंड करत नाही त्याच कारणाने. आत थर्मामीटर ठेवून बघा. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी असेल तर ५ लिटरवाला ३५० वॅटच्या आसपास घेतो. १५० एएच इन्व्हर्टरवर तीन तास चालला तर नशीब. अशा घरी बी-टाइप सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना हवा. १,५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास जातो. म्हणजे एक सिलिंडर हा पूर्ण बंदोबस्त नाही, तेवढ्या वेळात दवाखान्यात हलवायचं. डायलिसिसवाल्यांचा वार आणि सेंटर कागदावर लिहा, आणि पर्यायी सेंटर कोणतं ते घरच्यांनी आधीच विचारून ठेवावं.

उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावरची घरं सर्वांत वाईट. स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो. वरच्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दोन-तीन तासांतच, अंगात त्राण असताना, तळमजल्यावर आणा. जिन्यावरून उचलायला प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, पाय मुडपतो. लोखंडी किंवा सागवानी खुर्ची, कमरेला ओढणी बांधून, दोघे मागे, एक पुढे. खाली एक खोली गार ठेवायची, दाराखिडकीला वाळ्याच्या ताट्या नाहीतर ओल्या चादरी, समोरची खिडकी उघडी. जलसंजीवनी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. माणूस तापलेला आहे आणि बरळतोय तर त्याला काही पाजू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि गाडी काढा. १०८ लागेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून ड्रायव्हरचं नाव आणि अर्धी टाकी पेट्रोल असलेली गाडी यादीत हवी.

लोरा_गोपालनगर

रेडिओंबद्दल. ऑनलाइन मिळणारे 'दहा किलोमीटर रेंज'वाले वॉकीटॉकी उचलून आणू नका, त्यातले बरेच लायसन्सशिवाय वापरणं बेकायदा आहे. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी शक्तीचे, मंजुरी असलेले सेट विनापरवाना चालतात. सिमेंटच्या इमारतींमधून खरी रेंज ३००-५०० मीटर धरा. तुमच्या लेआउटला तेवढं पुरे. चार सेट घ्या: गच्ची, देवळाचा ओटा, वस्ती, हातपंप. दर तासाला पाच मिनिटंच चालू करायचे, बॅटरी तीन दिवस जाईल.

पुढच्या लेआउटशी जोडायचं असेल तर लोरा बोर्डवर (कमी विजेत लांब जाणाऱ्या छोट्या रेडिओवर) मेशटास्टिक, म्हणजे मोबाईल नेटवर्कशिवाय एका बोर्डवरून दुसऱ्यावर मजकूर पोचवणारं सॉफ्टवेअर. आपला बँड ८६५-८६७ मेगाहर्ट्झ, ॲपमध्ये प्रदेश भारत निवडायचा. ४३३ चा अँटेना लावला तर रेंज पार कोसळते, आणि अँटेनाशिवाय चालू केला तर बोर्डच जळू शकतो. एक नोड पाण्याच्या टाकीवर उंच ठेवला की समोर मोकळं असेल तिथे दोन-तीन किलोमीटर मजकूर जातो, फक्त मजकूर, आवाज नाही. ॲप आधीच टाकून ठेवा, नेट गेल्यावर ते कुठून उतरवणार?

वायरमन_सदर

लोराभाऊ, हे ३६ हजारांत बसवायचं तर आधी व्हॉल्व, मग पॅनेल, मग चार सेट. मेश पुढच्या वर्षी.

एक राहिलं. लाईन परत येते तेव्हा सगळ्यांत जास्त सामान जळतं. व्होल्टेज वरखाली होतं, दोन-तीनदा येऊन जातं. फ्रीज, एसी, पंपाचे स्विच लाईन जाताच बंद करायचे, फक्त एक बल्ब चालू ठेवायचा. तो पंधरा मिनिटं स्थिर जळला की एकेक चालू करा. बल्ब भगभगीत पांढरा पेटला तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो, लगेच मेन पाडा. लिफ्ट शेवटी. आणि लिफ्टची रेस्क्यू बॅटरी अजून जिवंत आहे का, ते लिफ्टवाल्याला त्याच्या मासिक फेरीत मेन पाडून दाखवायला सांगा. त्याच्या कागदावरच्या टिकवर जाऊ नका.

त्रिमूर्तीनगर_सचिव

येत्या रविवारी सकाळी ८ ते १२ मेन पाडून बघतो. आजच गच्चीवर गेलो होतो, सातपैकी तीन व्हॉल्व हलत नाहीत. ग्लँडची दोरी आणि बॉल व्हॉल्व कुठे बरे मिळतील?

नळ_बोरिंग_टाकी

इतवारीत लोहाओळीत. आधी पाइपाचा बाहेरचा घेर सुतळीने मोजून न्या आणि जीआय आहे की सीपीव्हीसी ते बघा, नाहीतर दोन खेपा होतील. पितळी, पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व मागा. स्वस्तातल्याचं भोक लहान असतं आणि चौथ्या मजल्यावर, जिथे मुळात दाब कमी, तिथे नळाची धार बारीक होते. आणि बदलण्याचं काम रविवारच्या आधी उरका. टाकी भरलेली असताना जाम व्हॉल्व खोलायला गेलात तर ते १०,००० लिटर गच्चीवरूनच जातील.